बंद मोरीचा वास

मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि आता वय झालं म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही. जुनं सोडून द्यावं, असं लोक म्हणतात. ज्यांच्या आईला कुणी जिन्यात अडवलं नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

साठ सालानंतर अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेकडे एकामागून एक नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो. एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. नवरा आफ्रिकेला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नळापाइपांचं काम करायचा. वर्षातले बरेच महिने तो दर्यावर आणि मी लहान मुलीला घेऊन त्या दोन खोल्यांत. इमारतीत बहुतेक कचेरीत जाणाऱ्यांची बिऱ्हाडं होती. बायका दुपारी एकमेकींकडे लोणच्याचे आंबे चिरायला बसायच्या. मला कुणी बोलावलं नाही. मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, हे सामान उतरवतानाच कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं असणार.

माझ्याकडे येणारं एकच माणूस होतं, माझी आई. अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला तिची ठरलेली जागा होती. बाजार उठला की उरलेले बोंबील नाहीतर मांदेली पाटीत घेऊन ती जिना चढायची. वर आली की पाटी माझ्या मोरीत ठेवायची, हातपाय धुवायची, चहा प्यायची, नातीची वेणी घालायची आणि कोळीवाड्यातल्या सगळ्या बातम्या सांगून मगच जायची. तो तासभर गेला तर माझ्या दिवसात काही उरत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं भांडण त्या एका तासासाठी होतं.

शेजारणीचं दार आमच्या दाराला लागूनच. स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे माझी मोरी, पलीकडे तिची, आणि दोन्ही मोऱ्यांचं पाणी भिंतीबाहेरच्या एकाच पाइपातून खाली जायचं. हे तिला कसं कळलं देव जाणे, पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तिने जिन्यात उभं राहून साऱ्या इमारतीला सांगितलं.

"म्हणजे त्यांच्या मासळीचं पाणी आणि माझ्या देवाच्या भांड्यांचं पाणी एकाच नळकांड्यातून जातंय! मी नाही बाई ती मोरी वापरणार."

मी दार उघडून म्हटलं, "काकू, खाली जाऊन दोन्ही पाणी गटारातच भेटतात."

"तुझ्याशी बोलत नाहीये मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावला. मोरीवर बरोबर बसेल अशी जाड फळी करून घेतली, ती वरून ठोकून बसवली आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मोरी कायमची बंद. त्या दिवसापासून ती खरकटी भांडी स्वयंपाकघरातून उचलून, मधली खोली ओलांडून न्हाणीघरात नेऊन घासायला लागली. कंबर धरून चालायची आणि भेटेल त्याला सांगायची, काय करणार, शेजार असा मिळाला. मला हसू यायचं. म्हटलं, ने बाई, चांगली ओझी वाहा.

उन्हाळा होता. थोड्याच दिवसांत तिच्या स्वयंपाकघरात वास यायला लागला.

काय वास असेल ते मी तेव्हा बघितलेलं नव्हतं, कारण तिच्या उंबऱ्याच्या आत मला प्रवेश नव्हता. पण उपाय सगळे ऐकू येत होते आणि बाहेरपर्यंत दरवळतही होते. सकाळी फिनेल. दुपारी कापूर. संध्याकाळी धूप इतका की तिचा नवरा गॅलरीत येऊन खोकायचा. कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या, लिंबाच्या साली ठेवल्या, भिंतीला चुना दिला. कुणीतरी गोमूत्र शिंपडायला सांगितलं, तेही शिंपडलं. वास काही हलेना. आणि या सगळ्या खटाटोपात खाली वाकून फळीकडे एकदा बघावं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती बघत होती आमच्या दाराकडे.

तिने शोध लावला की वास माझ्या आईचा आहे.

पाटीचा म्हणाली असती तर समजले असते. ती म्हणाली, "त्या म्हातारीच्या अंगालाच तो वास आहे. ती जिन्यातून गेली की भिंती तो धरून ठेवतात." मग एके दुपारी तीन-चार बायका आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. गृहस्थ फार सभ्य होते. सभ्य माणसं अपमान करतात ना, तेव्हा आधी घसा साफ करतात. ते म्हणाले, "तुमच्याविरुद्ध काही नाही हो. फक्त आईंना सांगा, वर येत जाऊ नका. फाटकापाशी भेटत जा. सगळ्यांच्याच सोयीचं होईल."

"माझी आई माझ्या घरात येणार," मी म्हटलं, आणि आवाज चढला तो साऱ्या इमारतीने ऐकला. "भाडं मी भरते. तुमच्या नाकाची सोय बघायला मी बसलेली नाही."

त्याच वेळी आई जिना चढून येत होती.

ती अर्ध्या जिन्यात थांबली. तिने सगळं ऐकलं होतं. माझी आई बाजारात कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. भाव पाडणाऱ्याची ती अशी काही फजिती करायची की आजूबाजूच्या कोळणी हातातलं काम सोडून ऐकायच्या. मी वाट बघत होते, आता ही तोंड सोडेल आणि यांची वाट लागेल. पण तिने डोक्यावरची पाटी सावरली, मागे वळली आणि उतरून गेली. मी खाली धावले तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती.

"आये, चल वर. कोण अडवतंय बघते मी."

"नको गो बाय. तुना हितं ऱ्हावाचा हाय. मी हितंच बरी."

त्यानंतर ती फाटकाशीच यायची. मुलीला घेऊन मी खाली जायची. येताना ती पाटी बाजारातच कुणाकडे तरी ठेवून यायला लागली. मग एकदा तिने नातीला घेण्यासाठी हात पुढे केले आणि मी बघितलं, तिच्या बोटांची सालपटं निघाली होती. बाजार उठला की ती राखेने हात घासायची, मग साबणाने, मग अर्धं लिंबू चोळायची. दुसऱ्या दिवशी तेच हात मिठाच्या पाण्यात आणि बर्फात घालायची.

"काय केलंस हे?" मी ओरडले.

"वास नको ना जावाला तुज्या घरान," ती म्हणाली.

मी आयुष्यात त्या शेजारणीला बरेच शाप दिले, पण त्या फाटकापाशी दिला तो सगळ्यांत खरा.

आणि गंमत बघा. आई वर यायची थांबली, तरी वास होताच. पण आपलं काही चुकलं असं शेजारणीला वाटलं नाही. म्हणाली, भिंतीत मुरलाय, निघायला वेळ लागेल.

पावसाळ्यात नवरा सुट्टीवर आला. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो उठून तडक शेजारी जाईल. पण बोटीवर राहून त्याला वाईट सवय लागली होती. साहेबलोकांना जी सर, प्रवाशांना जी सर, आणि घरी आल्यावर "जाऊ दे ना". तो जेवता जेवता हसला आणि म्हणाला, "आमच्या बोटीवर पण असंच झालं होतं."

"काय झालं होतं?"

मग त्याने सांगितलं. बोट परत येताना वरच्या वर्गातल्या अर्ध्या केबिनी रिकाम्या होत्या. चार दिवस जातात न जातात तोच तिथल्या बोळात घाण वास सुटला. प्रवासी नाकाला रुमाल लावून फिरायला लागले. कुणी म्हणालं, खालच्या खलाशांच्या भटारखान्यात सुकी मासळी भाजतात, तिचाच हा वास. वरून हुकूम आला, उद्यापासून खलाशांनी मासळी शिजवायची नाही. सगळे डाळभातावर. वरती अत्तरं शिंपडली, औषधं ओतली. वास तसाच.

"मग?"

"मग काय, शेवटी आम्हाला पाठवलं पाइप बघायला. रिकाम्या केबिनीतल्या मोऱ्या कोरड्या ठणठणीत." त्याने ताटात बोटाने आमटीची एक वाकडी रेघ काढली. "हे बघ. मोरीच्या जाळीखाली पाइपाला असा बाक असतो. पाणी ओतलं की थोडं त्या बाकात साचून राहतं. तेच पाणी खालच्या घाणीचा वास अडवतं. केबिन बंद राहिली, कुणी अंघोळ केली नाही, की ते सुकतं. शिवाय बोट डोलते, तेव्हा हिंदकळून पण जातं. पाणी गेलं की खालचा सगळा वास सरळ वर."

"आणि त्याला उपाय?"

"पाणी. दुसरं काय? रोज एकाने जाऊन प्रत्येक बंद केबिनीच्या मोरीत मगभर पाणी ओतायचं. फार दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर तेल, म्हणजे पाणी लवकर सुकत नाही. कुठे केस, साबण अडकला असेल तर तो काढायचा. आणि वर हवा जायचं नळकांडं असतं, त्याचं तोंड बुजलंय का बघायचं. झालं. दुसऱ्या दिवशी वास गायब."

"आणि तुमची मासळी? परत सुरू झाली?"

तो ताट सारून उठला. "छे. हुकूम तसाच राहिला. कोण जाऊन विचारणार?"

मला आधी त्याचाच राग आला. आणि मग एकदम ती फळी डोळ्यांपुढे आली. फळीवरच्या बरण्या. उन्हाळाभर, आणि आता पावसाळ्यातसुद्धा, त्या मोरीत कुणी पाण्याचा थेंब टाकला नव्हता. मासळीचं पाणी नको म्हणून तिने मोरी बंद केली, आणि आमच्या पाइपातला वास तिच्या घरात येऊ न देणारं जे पाणी होतं तेवढंच सुकवून टाकलं. वास आमच्याच पाइपातला होता, ते मी नाकारत नाही. त्यात आमचं पाणी होतं, वरच्यांचं होतं, त्या सभ्य गृहस्थांचंही होतं. पण दार तिने स्वतःच्या हाताने उघडून ठेवलं होतं.

मी तशीच उठले आणि शेजारची कडी वाजवली. नवरा मागून म्हणत होता, "अगं, नीट बोल." मी नीट बोलले. जेवढं मला जमतं तेवढं.

"काकू, ती फळी काढा. मोरी कोरडी पडलीय, म्हणून वास येतोय. रोज तांब्याभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर वरून थोडं खोबरेल टाका. माझ्या आईचा काही संबंध नाही."

ती दारात आडवी उभी राहिली. "तू मला स्वच्छता शिकवणार?"

"पाणी ओतायला सांगतेय. मी ओतून दाखवते, येऊ आत?"

"काही गरज नाही," ती म्हणाली आणि दार लावलं. मी बंद दाराला ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तिने ऐकलं होतं. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी मोरीत भांडी घासत होते, तर भिंतीपलीकडे खिळे उपसल्याचा आवाज आला. मग बरण्या सरकवल्याचा. मग पाणी ओतल्याचा, आणि आमच्या पाइपात गडगड. रोज दुपारी ती गडगड यायला लागली. घरात सगळे झोपले की ती चोरासारखी पाणी ओतायची. धूप बंद झाला, कापूर बंद झाला. वास गेला, हे तिने न सांगताच कळलं.

मला वाटलं, आता ती येईल. माफी मागेल एवढी खुळी अपेक्षा नव्हती. निदान त्या बायकांना सांगेल की वासाचं कारण दुसरंच निघालं.

तिने सांगितलं, पण काय? हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या असताना म्हणाली, "ती म्हातारी यायची बंद झाली, तसा हळूहळू वास गेलाच हो. आता कसं मोकळं वाटतं!"

मला हे पहिल्या मजल्यावरच्या बाईने सांगितलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नसतं. पण बातमी भाजीवालीच्या तोंडून बाजारात गेली, आणि फाटकाशी आई मला म्हणाली, "बघ गो. मी येत नाय तर वास गेला. होताच मंग माजा."

मी तिथे रस्त्यावर खाली बसून मातीत तो बाक काढून दाखवला. पाइप, पाणी, फळी, बोट, रिकाम्या केबिनी, सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. ती मान हलवत राहिली.

"असंल गो," ती म्हणाली. एखादं पोर बोबडं बोलत असलं की आपण मान हलवतो, तशी. मग हात मागे घेतले. लिंबू चोळणं काही थांबलं नव्हतं.

नवरा बोटीवर परत जाताना म्हणाला, "वास गेला ना? मग झालं तर." त्याला मी स्टेशनवर सोडायला गेले नाही.

वर्ष असंच गेलं. आई फाटकाशी, मी फाटकाशी. मुलगी मोठी होत होती आणि आजीचं घर म्हणजे फाटक असं तिला वाटायला लागलं होतं. तिने एकदा विचारलंसुद्धा, आजी फाटकात राहते का. आई हसली. मला हसायला आलं नाही.

मे महिन्यात शेजारीण नवरा-मुलांना घेऊन गावी गेली. घराला मोठं कुलूप. जाताना तिने उंबऱ्यावर रांगोळीचं बोट ओढलं, दाराबाहेरच्या तुळशीला पाणी घालायची कामगिरी वरच्या बाईकडे दिली, आणि मोरीत तेल टाकायचं मात्र ती विसरली. की माझं ऐकून टाकायचंच नव्हतं, कोण जाणे. उन्हं तशी कडक होती. पंधरवडा गेला असेल नसेल, मी सकाळी दार उघडलं आणि भपकन वास आला. तिच्या दाराच्या खालच्या फटीतून. न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळ्या मोऱ्या एकदम सुकल्या असणार. जिन्यातून वर जाणारी माणसं पदर, रुमाल नाकाला लावून धावत जायला लागली.

मी इतकी खूश वर्षभरात कधी झाले नव्हते.

तशीच चपला घातल्या, मुलीला बरोबर घेतलं आणि बाजारात गेले. आई बर्फावर बोंबील मांडत होती. मी तिचा हात धरला. "चल."

"कुठं? धंदा हाय गो माजा."

"पाटी पण घे."

मी तिला ओढतच आणली. फाटकाशी ती सवयीने थांबली. मी सोडली नाही. जिन्यात ती पदर अंगाभोवती आवळून, भिंतीला न लागता चढत होती. दुसऱ्या मजल्यावर त्या कुलपापुढे नेऊन मी तिला उभी केली.

"घे वास."

तिने वास घेतला. मग पुन्हा घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वर्षभर ज्या वासासाठी तिने हात सोलून काढले, तो वास तिने आज पहिल्यांदा घेतला होता. तिला फक्त सांगितलं होतं, तुझा आहे.

"ह्यो?" ती म्हणाली. "ह्यो तर गटाराचा. कुजक्या पान्याचा."

"हाच, आये. मोरी सुकली की येतो. बाई गावाला गेलीय, पाणी ओतायला कुणी नाही. आणि तू कुठे होतीस एवढे दिवस? फाटकाच्या आत पाऊल टाकलंस?"

तिने त्या दाराकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. मला वाटलं रडते की काय. पण तिचा चेहरा हळूहळू बाजारातला झाला, भाव पाडणारा समोर आला की व्हायचा तसा.

"ह्या वासाला," ती म्हणाली, "ती माजा वास म्हनत होती?"

मी नुसती मान हलवली.

त्यावर ती जे बोलली ते तळमजल्यापर्यंत गेलं. ते सभ्य गृहस्थ बाहेर आले, वर बघितलं आणि परत आत गेले. घसासुद्धा साफ केला नाही. आईचं बोलून झालं तेव्हा तिने पाटी उचलली, माझ्या घरात आली, पाटी मोरीत ठेवली, आणि पाय धुवून उंबऱ्यातच बसली. मी चहा ठेवला. नातीला जवळ ओढून तिने तिची वेणी सोडली. हातांना लिंबाचा वास होता आणि बोंबलांचाही.

शेजारच्या फटीतून भपकारे येतच होते. मी म्हटलं, "आये, आत सरक, दार लावून घेते."

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे उगडा. तिचा वास मना जरा घेऊ दे."